आयव्हनच्या शेतातले साठ फूट

डेल्मर स्टकी माती चाखायचा. चर खणून झाला की तो खाली उतरायचा, तळातली चिमूटभर माती उचलून पुढच्या दातांत धरायचा, दोनदा चावायचा आणि बाजूला थुंकायचा. दाताला काहीच लागलं नाही, नुसती गुळगुळीत सरकली, तर ती चिकणमाती. करकर वाजली तर वाळू. आणि वाजल्यासारखी वाटते पण छातीठोक सांगता येत नाही, अशी तिसरी एक असते, पिठासारखी बारीक. ओली झाली की ती पाण्याबरोबर चालायला लागते. तिला मात्र तो टरकून असायचा. त्याची बायको अर्डिथ म्हणायची की हा माणूस संध्याकाळी घरी येतो तो अर्धा जेवूनच येतो.

मी ट्रेवा रिकनर. बावीस वर्षं मी त्याचा खडीचा ट्रक चालवला. नवरा गेल्यावर तीन महिने काहीतरी करावं म्हणून गेले होते, ती तिथेच राहिले. पहिल्या आठवड्यात डेल्मरने मला एवढंच विचारलं होतं की ट्रक मागे घेता येतो का. मी म्हटलं, नवऱ्याला वीस वर्षं मागे घेतला, ट्रकचं काय. तो हसला नाही. दुपारी डबा खाताना मात्र एकटाच खुसखुसायला लागला. त्याचं सगळं असंच उशिरा यायचं, हसूही आणि रागही.

आमचं काम शेतांच्या पोटात पाइप घालायचं. ओहायोचा हा वायव्येकडचा कोपरा ताटासारखा सपाट आहे आणि आमच्या पणजोबांच्या काळापर्यंत इथे नुसती दलदल होती. आता वर मका आणि सोयाबीन दिसतं ते खालच्या पाइपांच्या जिवावर. पाणी भोकांतून पाइपात शिरतं, पाइपातून काउंटीच्या नाल्यात जातं, आणि मे महिन्यात ट्रॅक्टर रुतत नाही. डेल्मरने चाळीस वर्षांत किती मैल पाइप पुरले ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. नकाशे मात्र प्रत्येक शेताचे होते, पेन्सिलीने काढलेले, स्वयंपाकघरातल्या पिठाच्या डब्याशेजारी एका पत्र्याच्या पेटीत.

पाइप काय, दुकानात सगळे सारखेच मिळतात. तो कशावर टेकवायचा, यात खरी गोम आहे. शहरातून आलेल्या लोकांना वाटतं की जितकी महाग खडी तितकं काम पक्कं. तळ्याकाठी बंगला बांधलेल्या एका दातांच्या डॉक्टरने एकदा हट्टच धरला की माझ्या पाइपाखाली धुतलेली, एकसारखी, पांढरी खडीच हवी, मातीबिती नको. डेल्मरने त्याचं पाच मिनिटं ऐकून घेतलं आणि मग सांगितलं, "डॉक्टर, पाइपाला किंमत कळत नाही. शेजारी कोण आहे ते कळतं." चिकणमातीत पाइप बसवायचा असेल तर तळाला त्याच्या मापाची खाच काढून तो तिच्यात बसवायचा आणि वरून शेताचीच काळी भुसभुशीत माती ढकलायची, एक छदाम खर्च नाही. रस्त्याखालून न्यायचा तर टोकदार फोडलेली खडी, कारण ती एकमेकांत अडकून बसते आणि ट्रकच्या वजनाने हलत नाही. आणि तळाला ती पिठासारखी वाळू लागली तर धुतलेल्या खडीच्या वाटेलाच जायचं नाही. तिच्यात मोकळ्या फटी फार. वाळू त्या फटींत शिरते, खडी खाली बसते, पाइप वाकतो, आणि वाकला की तिथे गाळ साठतो. तिथे खाणीतला जसा येतो तसा, न धुतलेला माल हवा, ज्यात मोठे गोटे, बारीक गोटे आणि जाड रेती सगळं मिसळलेलं असतं.

दाताला संशय आला की तो बाटली काढायचा. माझ्या ट्रकच्या सीटमागे त्याच्या मेयोनीजच्या रिकाम्या बाटल्या होत्या, पंधरा-वीस. माती आणि पाणी घालून हलवायचं, मग डॅशबोर्डवर ठेवून द्यायचं, आणि तळाशी आधी काय बसतं, नंतर काय बसतं ते बघायचं. मी चिडायचे, कारण वळणावर त्या खळखळायच्या आणि गाडीला ओल्या तळघराचा वास यायचा. एकदा शेरीफच्या माणसाने मला थांबवलं आणि एक बाटली उजेडात धरून बराच वेळ बघत राहिला. मी म्हटलं, घे की घोटभर, नऊ नंबरच्या शेतातली आहे.

डेल्मरचा एक नियम होता, आणि त्यापायी आमचे किती दिवस वाया गेले ते विचारू नका. पाइप घालून झाला की जमिनीच्या मालकाने यायचं, चराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं, खालचा थर, पाइप, उतार, सगळं डोळ्यांनी बघायचं आणि स्वतःच्या तोंडाने "झाक" म्हणायचं. तोवर फावडंभर माती पडायची नाही. आभाळ भरून आलं तरी नाही. टोलेडोत राहणारी एक म्हातारी मालकीण होती, पंचाऐंशीची, चालता येत नव्हतं. तिला त्याने माझ्या पिकअपच्या मागच्या फळीवर खुर्ची टाकून बसवलं आणि मला पाऊण मैल पायी चालण्याच्या वेगाने गाडी चालवायला लावली. म्हातारीने छत्री उघडून सगळा चर बघितला आणि शेवटी "झाका" म्हणाली, तेव्हा डेल्मरने टोपी काढली. मी त्याला एकदा विचारलं होतं की एवढं कशासाठी, त्यांना काय कळतंय. तो म्हणाला, "एकदा झाकलं की मी म्हणेन तेच खरं. एवढी सत्ता माणसाजवळ नसलेली बरी."

हा नियम त्याने एकदाच मोडला, आणि तो स्वतःच्या भावाच्या शेतात.

आयव्हन त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. दोघांची शेतं लागून, डेल्मरचं वर, आयव्हनचं खाली. वरचं पाणी आयव्हनच्या शेतातून जाऊनच नाल्याला मिळणार, म्हणून एकोणनव्वद साली दोघांनी मिळून एक मोठा पाइप घालायचं ठरवलं. आयव्हन आणि त्याची बायको फ्रीडा तिच्या बहिणीच्या लग्नाला इंडियानात गेले होते, सोमवारी येणार होते. काम शनिवारी दुपारी संपलं आणि पश्चिमेकडून पाऊस येताना दिसत होता. मी म्हटलं, मालक आलेला नाही. डेल्मर म्हणाला, "भावाला काय दाखवायचं?" आणि आम्ही झाकलं. त्यातल्या साठ फुटांच्या पट्ट्यात तळ जरा मऊ लागला होता. तिथे घालायला त्याने माझ्या ट्रकमध्ये खास माल भरून आणवला होता, चर्चच्या नव्या इमारतीच्या पायाभरणीतून उरलेली धुतलेली खडी, बाजारातली सगळ्यांत उंची. पैसे स्वतःच्या खिशातून दिले आणि आयव्हनला सांगायचं नाही असंही मला बजावलं. भावासाठी भारीतलं आणावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

सहा-सात वर्षं सगळं ठीक चाललं. मग आयव्हनच्या खालच्या कोपऱ्यात पाणी उभं राहायला लागलं आणि हळूहळू डेल्मरच्या वरच्या दहा एकरांतही. त्या पाइपापासून चाळीस-एक फुटांवर एक विलोचं झाड होतं. फ्रीडा लग्न होऊन आली तेव्हा तिने माहेरची डहाळी आणून खोचली होती, तिचं झालेलं. विलोची मुळं पाइपात शिरतात हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. डेल्मर एके रविवारी चर्चमधून परस्पर त्यांच्याकडे गेला, लांबूनच झाड बघितलं आणि निकाल दिला की हेच. कापायला हवं.

आयव्हनने कापलं. फ्रीडा त्या दिवशी घराच्या मागच्या बाजूला बसून होती असं अर्डिथने मला सांगितलं. पाणी मात्र हटलं नाही. डेल्मर म्हणाला, मुळं कुजायला तीन वर्षं जातील. तीन वर्षांनीही ते तसंच राहिलं, तेव्हा त्याने आपल्या शेताचं पाणी रस्त्याकडेने दुसरा पाइप घालून वळवून घेतलं आणि विषय संपवला. तोवर आयव्हन आणि फ्रीडाने रविवारच्या जेवणाला यायचं बंद केलं होतं. कोणी कोणाला काही बोललं नाही. आमच्याकडे भांडणं अशीच होतात, आवाज न करता. डेल्मर म्हणायचा, एका झाडासाठी भाऊ तोंड फिरवतो. फ्रीडा दोन हजार चार साली गेली तेव्हा तो चर्चमध्ये मागच्या बाकावर बसला आणि शेवटचं गाणं संपायच्या आत उठला.

मला एक गोष्ट तेव्हाच खटकली होती, आणि मी ती कोणाला बोलले नाही. ज्या माणसाने आयुष्यात खणल्याशिवाय एकही निदान केलं नाही, त्याने तिथे खणून बघू असं एकदाही म्हटलं नव्हतं.

दोन हजार आठच्या ऑक्टोबरात आयव्हनचं शेत कसणाऱ्या ट्रॉयच्या कापणी यंत्राचं पुढचं चाक सोयाबीनमध्ये अचानक दोन फूट खाली गेलं. वरून जमीन सारखी आणि आत पोकळ. खालची माती पाइपात वाहून गेली की असं होतं. ट्रॉय परगावचा, त्याला या भावांचं काही ठाऊक नव्हतं. त्याने चौकशी केली की इथे पाइपाचं काम चांगलं कोण करतं, आणि लोकांनी जे नाव सांगायचं तेच सांगितलं. आयव्हनला विचारलं तर तो म्हणाला, येऊ दे.

डेल्मर तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होता आणि त्या हिवाळ्यात काम बंद करणार होता. सकाळी ट्रक घेऊन मला घ्यायला आला तेव्हा त्याच्या पायाशी एक पांढरी बादली होती. मी विचारलं, ही कशाला. म्हणाला, "मुळांसाठी. भरून त्याच्या पायरीवर ठेवणार आहे. बघू दे एकदा डोळ्यांनी." अकरा वर्षं त्याने हे मनात धरलं होतं. गाडीत तो शीळ घालत होता, आणि मला ती अजिबात आवडली नाही.

खड्ड्याच्या खालच्या अंगापासून त्याने यंत्राने खणायला घेतलं आणि पाइप फूटभर राहिला तेव्हा यंत्र थांबवून लांब पात्याचं अरुंद फावडं घेतलं. मी वरून बघत होते. आधी काळी माती, मग पिवळट, मग खडी लागली. ती पांढरी राहिली नव्हती. एकेका खड्याच्या चहूकडे राखी गाळ गच्च बसला होता, इतका की फावडं शिरेना. खडी वीतभर खाली गेली होती आणि तिच्याबरोबर पाइपही, मधोमध वाकून. एक जोड सुटला होता आणि त्याच्यातून वरची माती आत गेली होती. त्याने पाइप कापला. आत गाळ होता, काठोकाठ.

मूळ एकही नव्हतं. त्याने सगळे साठ फूट मोकळे केले, दुपारपर्यंत, पाणीसुद्धा न पिता. केसाएवढं मूळ मिळालं नाही.

मग तो खाली बसला, तळातली चिमूट घेतली आणि दातांत धरली. तेव्हा मला एकोणनव्वद सालचा तो शनिवार आठवला. आठवला असं तरी का म्हणू, विसरले कधी होते? त्या दिवशीही त्याने तिथेच चाखलं होतं. चावता चावता थांबला होता. पश्चिमेला बघितलं होतं, माझ्या ट्रककडे बघितलं होतं, त्या उंची खडीकडे बघितलं होतं. बाटली मागेल म्हणून मी सीटमागे हातही घातला होता. आणि तो म्हणाला होता, "ओत."

मी ओतली होती. झाड कापलं गेलं तेव्हा मी गप्प बसले होते. डेल्मर माझा मालक होता आणि माझी दोन मुलं शिकत होती, अशी कारणं मी पुष्कळ सांगू शकते. पण त्या चरात बघताना मला लाज वाटली, एवढंच खरं.

"डेल्मर," मी म्हटलं, "सगळं काढू, नवीन घालू आणि झाकू. ट्रॉयला काय कळतंय. आयव्हन काही इकडे फिरकणार नाही."

तो थुंकला. बराच वेळ हाताने खडी उकरत राहिला. मग म्हणाला, "मालक कोण आहे इथला?"

"ते तुला ठाऊक आहे."

"मग बादली दे."

त्याने बादलीत ती खडी भरली, गाळासकट, आणि वर पाइपाचा वाकलेला तुकडा ठेवला. माझी मदत घेतली नाही. शेत ओलांडून आयव्हनच्या घरापर्यंत पाव मैल असेल. मध्ये दोनदा बादली खाली ठेवून हात बदलताना मला दिसला. ट्रक घेऊन जाऊन उचलून आणावं असं वाटलं, पण मी जागची हलले नाही. तो पायरीवर पोचला. दार उघडलं. दोघं किती वेळ उभे होते कोण जाणे, मला काही ऐकू येत नव्हतं. मग आयव्हन आत गेला आणि रबरी बूट घालून बाहेर आला.

दोघं भाऊ सारखेच चालतात, उजवा खांदा जरा पुढे. ते शेतातून येताना मध्ये चार हात अंतर होतं. माझ्याजवळ आल्यावर आयव्हनने टोपीला हात लावला आणि "ट्रेवा" एवढंच म्हणाला. मग तो खालच्या टोकाला गेला आणि तिथून चराच्या कडेने वर चालत निघाला, प्रत्येक पावलाला खाली बघत, जसं डेल्मरने शेकडो लोकांना चालायला लावलं होतं तसं. डेल्मर समोरच्या कडेने त्याच्याबरोबर चालत होता आणि दाखवत होता. इथे तळ मऊ लागला. इथून इथवर खडी घातली. इथे पाइप बसला. आवाज कामाचाच होता, गिऱ्हाइकाशी बोलायचा. वरच्या टोकाला दोघं थांबले.

"मी चाखलं होतं," डेल्मर म्हणाला. "मला शंका आली होती. पाऊस येत होता. आणि खडी चांगली होती, तुझ्यासाठी आणलेली. मी झाकून टाकलं." मग म्हणाला, "झाडाचा काही दोष नव्हता, आयव्हन."

"माहीत आहे."

डेल्मरने वर बघितलं.

"बुंधा उपटला ना मी, त्या वर्षीच्या शरदात," आयव्हन म्हणाला. "सगळ्यांत लांब मूळ होतं त्याच्या मागे मागे खणत गेलो. ते विहिरीकडे वळलेलं. पाइपाच्या बाजूला एक आलं होतं, तेही बारा फूट अलीकडेच थांबलं."

"अकरा वर्षं तुला माहीत होतं?"

"फ्रीडाने आधी बघितलं. मी ट्रॅक्टरवर होतो, ती खाली उभी होती." आयव्हनने चरातल्या पाण्याकडे बघितलं. "मी तसाच तुझ्याकडे यायला निघालो होतो. चांगला तापलो होतो. तिने नाही येऊ दिलं. म्हणाली, त्याला सांगू नकोस, त्याला फार लागेल. तो कधीतरी खणेल. खणलं की त्याला दिसेल, आणि दिसलं की तो तुला बोलावून दाखवेल, झाकणार नाही. जाईपर्यंत तेच म्हणत होती. मला काही एवढी खात्री नव्हती."

 डेल्मरने फावडं जमिनीत रोवलं आणि दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला, आणि त्याची हनुवटी हलताना मला दिसली. बावीस वर्षांत मी त्याला रडताना बघितलं नव्हतं, आताही बघावंसं वाटेना, म्हणून मी ट्रककडे गेले आणि उगाचच टायरांची हवा बघत बसले. त्याला सगळं उशिरा येतं म्हणून मीच हसायचे ना. त्या दिवशी काही हसू आलं नाही.

जरा वेळाने आयव्हनचा आवाज आला, नेहमीसारखा. "मग आता खाली काय घालणार?"

डेल्मरने बाहीने तोंड पुसलं. "आधी फूटभर आणखी खणायचं. मग फेल्टचं कापड अंथरायचं, म्हणजे ही वाळू वर येत नाही. त्याच्यावर खाणीतला न धुतलेला माल. स्वस्तातला आहे."

"दिसायला कसा?"

"एकदम भिकार."

"बाटलीत बघितलंस?"

"नाही अजून."

"मग बघ ना," आयव्हन म्हणाला. "घाई कसली आहे?"

मी सीटमागून दोन बाटल्या काढून दिल्या. एकीत तळाची वाळू, दुसरीत खाणीचा माल, तो मी संध्याकाळी घमेलंभर आणून ठेवला. रात्रभर त्या आयव्हनच्या खिडकीत होत्या. डेल्मर त्या दिवशी तिथेच जेवला, असं अर्डिथने मला फोनवर सांगितलं. डबाबंद सूप आणि दगडासारखे कडक झालेले पाव होते म्हणाली, बाईमाणूस नाही घरात. तिचा आवाज मात्र असा होता की जणू मेजवानीच झडली होती.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं पडलं होतं. मी तीन फेऱ्या माल आणला. तो खरंच भिकार दिसतो, मळकट, तपकिरी, कुठे मुठीएवढा गोटा तर कुठे नुसती रेती, आणि आयव्हन प्रत्येक फेरीला ट्रकमध्ये डोकावून बघायचा आणि मान हलवायचा. डेल्मरने थर सारखा केला, लेसरने उतार तपासला, नवा पाइप ठेवला आणि मग त्याच्या दोन्ही कुशींत तो माल पायांनी दाबत दाबत साठ फूट गेला, टाच, चवडा, टाच, चवडा. पाइपाच्या खालच्या बाजूला जी पोकळी राहते ती यंत्राने भरत नाही, पायानेच भरावी लागते. अर्ध्यावर त्याला दम लागला. आयव्हन काही न विचारता खाली उतरला आणि पलीकडच्या कुशीला लागला. एकाहत्तर आणि सहासष्ट वर्षांचे दोन म्हातारे चार फूट खोल चरात एकमेकांच्या खांद्याला धरून चवड्यांनी खडी दाबत होते. मी वरून म्हटलं की तुम्हाला वर काढायला मला यंत्र लावावं लागेल. आयव्हन म्हणाला, "तू आधी ट्रक नीट मागे घे."

दोन वाजता काम झालं. दोघं वर आले, त्यांना खरंच ओढून काढावं लागलं. डेल्मर बाजूला झाला आणि टोपी काढून उभा राहिला. आयव्हन खालच्या टोकाला गेला आणि परत एकदा सगळे साठ फूट चालला. काल पाहिलं होतं, आज स्वतः पायांनी दाबलं होतं, तरी त्याने एक पाऊल गाळलं नाही. वरच्या टोकाला तो थांबला. तिथून विलो होता ती जागा दिसते, आता नुसतं गवत. तो तिकडे बघत राहिला. डेल्मरही बघत होता. मी यंत्राची किल्ली हातात धरून उभी होते आणि मला वाटलं, हा आता काहीच म्हणणार नाही, तसाच घरी निघून जाईल, आणि गेला तरी त्याला दोष देता येणार नाही.

"झाक," आयव्हन म्हणाला.

डेल्मर वाकला, पण त्याच्या हातून फावडं उचललं जाईना. तेव्हा आयव्हननेच कडेची काळी माती बुटाने ढकलली, आणि ती पाइपावर पडली.